कॅनडाच्या प्रेअरीवरची ओसाड गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅस्कॅचवान आणि दक्षिण अल्बर्टातल्या रिकाम्या गावांकडे जाणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. कॅलगरी, एडमंटन, रिजायना, सॅस्कटून इथे राहणारे मराठी लोक सुट्टीच्या दिवशी गाडी काढतात आणि हे प्रश्न पडतात. भुताखेतांबद्दल इथे काही मिळणार नाही. जमीन, लाकूड, उंदीर, चिखल आणि कायदा, एवढ्यावरच बोलू.

इतकी गावं ओसाड का पडली?

मुळात ती बसवली गेली घोड्याच्या चालीवर. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्याने १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळू लागली. रेल्वे आली तशी वस्ती पसरली. गव्हाची गाडी घोड्यांनी ओढून स्टेशनावर न्यायची आणि त्याच दिवशी घरी परतायचं, असा हिशेब होता. म्हणून रेल्वे कंपन्यांनी साधारण दर ८ ते १० मैलांवर एक थांबा टाकला. तिथे ग्रेन एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवून रेल्वेत भरायचा उंच कोठार-मनोरा, उभा राहिला, मग दुकान, बँक, शाळा, चर्च. मोटारट्रक आल्यावर शेतकरी १० मैलांऐवजी ४० मैल जाऊ लागला आणि मधल्या तीन गावांचं कामच संपलं.

त्यात दुष्काळ. १८५७ ते १८६० च्या मोहिमेत जॉन पॅलिसरने या पट्ट्याचा दक्षिण भाग शेतीला फार कोरडा असल्याचं नोंदवलं होतं. त्याला आजही पॅलिसरचा त्रिकोण म्हणतात. आग्नेय अल्बर्टात पहिल्या महायुद्धानंतरच्या कोरड्या वर्षांतच लोक निघून गेले. बाकीच्यांचं कंबरडं १९३० च्या दशकाने मोडलं. अल्बर्टा सरकारने १९३८ मध्ये तिथल्या मोठ्या टापूसाठी ‘स्पेशल एरियाज’ नावाचा वेगळा कारभारच सुरू केला. तो अजून चालू आहे.

उरलेली गावं हळूहळू संपली. शाळा एकत्र केल्या, पोस्ट बंद झालं, फाट्यावरचे लोहमार्ग उखडले. १८९७ पासून धान्याची वाहतूक स्वस्त ठेवणारा ‘क्रो’ दर १९९५ मध्ये पूर्ण बंद झाला आणि लाकडी एलिव्हेटर भराभर पाडले गेले. सॅस्कॅचवानमध्ये १९३६ साली सुमारे १,४२,००० शेतं होती. २०२१ च्या गणनेत साधारण ३४,००० उरली. जमीन तेवढीच कसली जाते, पण कसणारी घरं एक चतुर्थांशापेक्षाही कमी.

ओसाड म्हणजे तिथे कोणीच राहत नाही?

बहुतेकदा कोणीतरी राहतं. दक्षिण-पश्चिम सॅस्कॅचवानमधलं रॉबसार्ट बघा. हमरस्ता १३ वर, रिकामी दुकानं आणि जुनं हॉस्पिटल यांच्यामुळे फोटोत प्रसिद्ध. पण गावात माणसं आहेत. त्यांच्या खिडकीसमोर उभं राहून ‘बेचिराख गाव’ म्हणणं बरं दिसत नाही. ज्या घराचं गवत कापलेलं आहे, वीजमीटर आहे किंवा दारापर्यंत ताज्या चाकांच्या खुणा आहेत, ते घर रिकामं नाही असंच धरा.

दुसऱ्या टोकाला अल्डरसनसारखी जागा. मेडिसिन हॅटच्या वायव्येला लोहमार्गावरचं हे गाव आधी कार्लस्टाट नावाने बसलं. आज तिथे इमारत शोधायला गेलात तर निराश व्हाल. घरांच्या पायाचे खड्डे आणि गवत. काही गावं तर सरळ नांगराखाली गेली आहेत.

नकाशावर उरलं नसेल तर गाव शोधायचं कसं?

इथली जमीन चौकटीत मोजलेली आहे आणि ती चौकट वाचता आली की अर्धं काम होतं. सहा मैल बाय सहा मैल म्हणजे एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल बाय एक मैल, म्हणजे ६४० एकर. सेक्शनचे चार क्वार्टर, प्रत्येकी १६० एकर. टाउनशिपच्या ओळी अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजतात. त्यांचे उभे पट्टे म्हणजे रेंज, त्या मेरिडियन नावाच्या उत्तर-दक्षिण आधाररेषेपासून पश्चिमेकडे. दुसरा मेरिडियन १०२ अंश पश्चिम रेखांशावर, तिसरा १०६ वर, चौथा ११० वर. हा चौथा म्हणजेच सॅस्कॅचवान-अल्बर्टाची हद्द.

समजा पत्ता ‘एनडब्ल्यू १२-५-२४ डब्ल्यू ३’ असा आहे. तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला २४ वी रेंज, पाचवी टाउनशिप, १२ वा सेक्शन, त्याचा वायव्य क्वार्टर. पाचवी टाउनशिप म्हणजे सीमेपासून २४ ते ३० मैल उत्तरेला. सेक्शनचे आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात: १ ते ६ पश्चिमेकडे, मग वरच्या ओळीत ७ ते १२ पूर्वेकडे, असे नागमोडी वर चढत ईशान्य कोपऱ्यात ३६. नवखे लोक हमखास इथे चुकतात. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे वाचतात आणि पाच मैलांपर्यंत भलतीकडे पोचतात.

मग उपग्रहचित्र उघडा. सगळे रस्ते उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असताना एखादी तिरकी किंवा वळणदार रेघ शेतांना कापत जात असेल, तर ती उखडलेल्या रेल्वेची भराव-पट्टी. तिच्यावर आठ-दहा मैलांच्या अंतराने झाडांचे चौकोन शोधा. कॅरागाना नावाचं सैबेरियातलं काटक झुडूप वाऱ्याला आडोसा म्हणून अंगणाभोवती लावत. घर पडलं तरी ते हटत नाही. सरळ रेषेतलं कॅरागानाचं कुंपण किंवा ओळीने उभे पॉप्लर दिसले की तिथे अंगण होतं.

गावाची आखणीही ठरलेली. रुळांना समांतर रेल्वे अव्हेन्यू, तिला काटकोनात मेन स्ट्रीट. रुळांच्या कडेला एलिव्हेटर. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेच्या मार्गावर तर नावंसुद्धा वर्णमालेप्रमाणे: फेनवुड, गुडीव्ह, हबर्ड, इटुना, जॅस्मिन, केलिहर, लेस्टॉक. एखादं अक्षर हुकलेलं दिसलं तर तिथे कधीकाळी काय होतं हे जुन्या नकाशात बघण्यात मजा आहे.

कोणी राहत नाही तर परवानगी कशाला?

कारण बिनमालकाची जमीन इथे जवळपास नाही. शेतातलं पडकं घर शेतकऱ्याचं. गावातले प्लॉट वेगवेगळ्या लोकांचे, काही करथकबाकीमुळे पालिकेच्या ताब्यात गेलेले. रेल्वेची पट्टीसुद्धा बरेच ठिकाणी शेजारच्या शेतकऱ्याला विकलेली असते.

सॅस्कॅचवानमध्ये १ जानेवारी २०२२ पासून ग्रामीण खाजगी जमिनीवर पाऊल टाकण्याआधी संमती घ्यावी लागते. ‘पाटी नव्हती’ हे उत्तर चालत नाही. अल्बर्टात कुंपण घातलेल्या किंवा पीक असलेल्या जमिनीला वेगळी पाटी लागत नाही आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हे प्रांतिक कायदे झाले. बंद दार उचकटून आत जाणं, काही फोडणं, हे मात्र फौजदारीत जातं. स्टडी परमिट, वर्क परमिट किंवा पीआरवर असलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. फौजदारी शिक्षा झाली तर इमिग्रेशनचं प्रकरण अडू शकतं.

रस्त्यावरून बघायला आणि फोटो काढायला परवानगी लागत नाही. आमच्या मते पाहण्यासारखं बहुतेक तिथूनच दिसतं.

मालक शोधायचा कसा आणि बोलायचं काय?

सॅस्कॅचवानमध्ये रूरल म्युनिसिपालिटी म्हणजे ‘आरएम’चं कार्यालय, अल्बर्टात काउंटीचं. तिथे मालकांच्या नावांसह नकाशा विकत मिळतो. क्वार्टर शोधा, नाव वाचा, फोन करा. शिकाऱ्यांसाठीच्या मोबाइल ॲपवरही हे नकाशे मिळतात. दोन ठिकाणी गाडी अडते. एक, नकाशावर मालकाचं नाव असतं पण जमीन दुसराच कसतो, आणि गुरं त्याची असतात. म्हणून ‘तिथे सध्या कोण कसतं?’ हे विचारा. दोन, क्वार्टर एकाचा आणि त्यातला गावठाणाचा प्लॉट दुसऱ्याचा.

फोन पेरणीच्या मे महिन्यात किंवा ऑगस्ट-सप्टेंबरच्या कापणीत करायचाच असेल तर थोडक्यात करा. नाव, कुठून येताय, किती जण, कोणती गाडी, कोणत्या दिवशी किती वाजता, आणि ‘इमारतीत शिरणार नाही, काही उचलणार नाही’. एवढं सांगितलं की बहुतेक लोक हो म्हणतात, वर विहीर कुठे आहे तेही सांगतात. होकार मेसेजवर घ्या म्हणजे लेखी राहतो. फाटक जसं असेल तसंच सोडा: उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं.

कधी जावं?

बर्फ वितळून रस्ते वाळल्यावर आणि गवत वाढायच्या आत. म्हणजे साधारण एप्रिलचा शेवट ते मेचा मध्य. पाये, काँक्रीटचे फुटपाथ, तळघरांचे खड्डे, सगळं तेव्हा उघडं दिसतं. जूनमध्ये तीच जागा गुडघाभर गवताखाली जाते. दुसरी चांगली वेळ सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्यानंतर शिकारीचा मोसम असतो, तेव्हा भगवं किंवा लाल जाकीट घाला. हिवाळ्यात उणे ३० मध्ये बंद पडलेली गाडी हा जिवाचा प्रश्न आहे आणि बर्फाखाली खड्डे दिसत नाहीत. हिवाळ्यात जाऊच नका.

एप्रिल ते जून गोचिडांचे दिवस. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर मानेपासून टाचेपर्यंत तपासा. दक्षिणेकडच्या कोरड्या दऱ्यांत रॅटलस्नेक असतात. दगडांच्या ढिगात किंवा फळ्यांखाली हात घालू नका.

साधी कार चालेल का?

कोरड्या हवेत खडीच्या रस्त्यावर चालते. ६०-७० किमी वेग पुरे. समोरून ट्रक आला तर वेग कमी करून उजवीकडे घ्या, नाहीतर काच जाते. पूर्ण आकाराचं स्टेपनी टायर ठेवा, डिकीतलं बारीक चाक खडीवर टिकत नाही.

फसवणूक करतात ते मातीचे रस्ते. ‘फक्त कोरड्या हवेत’ अशी पाटी असते ती खरी माना. इथली चिकणमाती, ज्याला सगळे ‘गंबो’ म्हणतात, पाऊस पडला की विदर्भातल्या काळ्या रानासारखी चाकाला धरते आणि चाकाच्या कमानीत भरून चाक फिरायचं थांबवते. चार चाकांना जोर देणाऱ्या गाड्याही त्यात रुततात. ढग दिसले की खडीवर या. एकदा रुतलात तर ॲक्सिलरेटर दाबू नका. खोल जाल आणि शेतकऱ्याचा रस्ताही खराब होईल.

उन्हाळ्यात सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. एक्झॉस्टखालच्या तापलेल्या भागाने गवत पेटतं आणि वाऱ्यावर ती आग कोणाच्या बापाला आवरत नाही.

मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. नकाशा आधी उतरवून घ्या, अर्ध्या टाकीवर पेट्रोल भरा, माणशी चार लिटर पाणी ठेवा. ९११ ला फोन लागला तर वर सांगितलेला जमिनीचा पत्ता द्या. इथल्या बचाव पथकांना तो लगेच कळतो.

सर्वांत मोठा धोका कोणता? छत कोसळणं?

नाही. जमीन. प्रत्येक घराजवळ हाताने खणलेला आड असायचा, शिवाय पावसाच्या पाण्याचा हौद, बटाट्यांचं तळघर आणि संडासाचा खड्डा. घर सोडताना आडावर फळ्या टाकल्या. त्या कुजल्या, वर माती आणि गवत आलं. आता ती जागा सपाट दिसते आणि माणसाचं वजन घेत नाही. आत पडलात तर वर चढायला धर नाही, पाणी गार आणि हवेत प्राणवायू कमी असू शकतो. म्हणूनच आत पडलेल्याला काढायला दुसऱ्याने उतरू नये. ९११ ला फोन, वरून दोर किंवा तरंगणारी वस्तू सोडणं, एवढंच.

ओळखायचं कसं? घरापासून थोड्या अंतरावर एकटाच लोखंडी पाइप किंवा हातपंप. पवनचक्कीच्या मनोऱ्याचे चार पाये. दगडांचं कडं. आजूबाजूपेक्षा हिरवं किंवा खचलेलं गवत. जमिनीवर आडवा पडलेला पत्रा किंवा दार: त्यावर कधीच पाय देऊ नका, ते कशावर तरी झाकण म्हणून टाकलेलं असतं. काठी घेऊन चाला आणि प्रत्येक पावलाआधी टोचा. एका ओळीत चाला, पसरू नका. लहान मुलांना अंगणाच्या आत नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

घरात शिरता येईल का?

मालकाने हो म्हटलं तरी बहुतेकदा उत्तर नाही. लाकडी घर वरून मरतं. आधी छपराची देवदारी कौलं जातात, मग पाणी तुळयांपर्यंत पोचतं, मग जमिनीच्या फळ्या. बाहेरून रंग उडालेलं पण सरळ उभं घर आतून पोकळ असू शकतं. छपराचा कणा मधोमध वाकलेला, भिंतीचे कोन चौकटीला तिरके, खिडक्या समांतरभुज झालेल्या, पायाचे दगड सरकलेले, यांपैकी काहीही दिसलं तर दारातही उभं राहू नका. जिथे आत आकाश दिसतं त्याच्या खालची जमीन कुजलेली असते, आणि त्या जमिनीखाली तळघर असतं.

जिना चढू नका. विटांच्या धुराड्याजवळ थांबू नका. चुना झडलेला असतो आणि भिंतीचा आधार गेला की ते एकदम येतं. माळ्यावर चकचकीत करड्या-सोनेरी दाण्यांचं भरण दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. हलवू नका. खिळे सगळीकडे असतात: जाड तळाचे बूट आणि दहा वर्षांच्या आतली धनुर्वाताची लस.

बँकेची इमारत गेलेली असते पण काँक्रीटची तिजोरीची खोली एकटीच गवतात उभी असते. जड दार असेल तर आत जाऊन ते ओढू नका.

आणि एलिव्हेटर?

आत अजिबात नाही. लाकडी फळ्या आडव्या रचून, खिळ्यांनी ठोकून केलेली ही २० ते २५ मीटर उंच पेटी. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात असे साडेपाच हजारांहून अधिक होते. गाडी आत आणायच्या जागेखाली धान्य ओतायचा खड्डा असतो. जाळी गेलेली, खड्ड्यात पाणी. वरचे कोठार उघडे. माणसाला वर नेणारी दोराची लिफ्ट प्रतिवजनावर चालते. दोर कुजला की वजन खाली येतं. शेजारची छोटी खोली म्हणजे कचेरी. आगीच्या भीतीने इंजिन तिथे, बरेचदा तळघरात, ठेवत. म्हणजे तिच्याखालीही पोकळी.

आतली रचना बघायची असेल तर मॅनिटोबात इंग्लिस इथे पाच एलिव्हेटरची रांग राष्ट्रीय वारसास्थळ म्हणून जपली आहे. तिथे समजावून सांगणारं माणूस असतं.

उंदरांच्या लेंड्यांना इतकं का घाबरतात?

हंटाव्हायरस. इथला डियर माउस, पोट पांढरं आणि डोळे मोठे, तो वाहतो. वाळलेल्या लेंड्या आणि मुताची धूळ श्वासातून गेली की लागण. साधारण एक ते आठ आठवड्यांत ताप, मांड्या-पाठीचं दुखणं, मग खोकला आणि धाप. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर तीनातला साधारण एक रुग्ण दगावतो आणि ठरलेलं औषध नाही.

म्हणून बंद खोलीत जाऊ नका, धूळ उडवू नका, गाद्या-कागद हलवू नका. एन-९५ मास्क घट्ट बसला तरच उपयोगी. जुनी वस्तू किंवा बूट साफ करताना झाडू किंवा व्हॅक्यूम नको: एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, ताजं मिसळून दहा मिनिटं भिजवा, मग हातमोजे घालून पुसा. नंतरच्या दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला ‘पडक्या घरात गेलो होतो’ हे स्वतःहून सांगा. ते विचारणार नाहीत.

एखादी बाटली, खिळा, पाटी आणली तर?

मालकाची वस्तू म्हणजे चोरी. जमिनीतून उकरलेली जुनी वस्तू दोन्ही प्रांतांत वारसा कायद्याखाली येऊ शकते. गवतात दगडांची गोल कडी दिसली तर एकही दगड हलवू नका. ती बरेचदा टिपीच्या तंबूंची असतात, गावांपेक्षा कितीतरी जुनी. हा मुलूख क्री, ब्लॅकफूट, नाकोडा आणि मेटी लोकांचा. त्यांच्याशी सरकारने केलेले करार क्रमांक ४, ६ आणि ७ हे १८७४ ते १८७७ मधले. त्यानंतर वस्ती आली.

आदिवासी मुलांच्या निवासी शाळांच्या पडक्या इमारती आणि त्यांच्या आसपासची जमीन ही भटकंतीची ठिकाणं नाहीत. त्यांपैकी अनेक ठिकाणी मुलं पुरलेली आहेत. जायचं कारण असेल तर त्या समाजाच्या निमंत्रणावरून.

पहिली फेरी कुठे?

कॅलगरीहून ड्रमहेलर. जवळच वेन, जिथे पोचायला रोझबड नदीवरचे पूल एकामागून एक ओलांडावे लागतात. मग हमरस्ता १० धरून डोरोथी, तिथली दोन छोटी चर्चं स्थानिकांनी डागडुजी करून ठेवली आहेत. वाटेत ईस्ट कूलीला ॲटलस कोळसा खाण, कॅनडातला शेवटचा उभा लाकडी टिपल, म्हणजे कोळसा चाळून वाघिणीत भरायचा मनोरा. तिकीट काढून आत नेतात. उत्तरेला रोली, जपलेला मेन स्ट्रीट. एका दिवसात होतं. रिजायनाहून निघणाऱ्यांनी आधी क्लेबँकची विटांची फॅक्टरी बघावी, १९१४ ते १९८९ चाललेली, आणि मग हमरस्ता १३ धरून पश्चिमेला.

फोटो टाकताना ठिकाण सांगावं का?

लोक राहतात किंवा जागा जपलेली आहे अशा गावाचं नाव सांगा, त्यांना पाहुणे हवे असतात. एकट्या पडक्या घराचं सांगू नका. सॅस्कॅचवानमधला फ्लेमिंगचा १८९५ चा एलिव्हेटर, त्या काळातला उरलेला दुर्मीळ नमुना, २०१० मध्ये जळून गेला. लाकडाला एक काडी पुरते. फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप जातात, ते पाठवण्याआधी सेटिंगमधून काढा. ड्रोन २५० ग्रॅम किंवा जास्त वजनाचा असेल तर नोंदणी आणि पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि गुरांवरून उडवला तर ती कुंपण तोडून पळतात. फोटो मालकाला पाठवा. पुढच्या वेळी फोन उचलला जातो.